शिवेवरचा थांबा

माळेवाडीच्या भरमूला कुणी भित्रा म्हटलं असतं, तर त्यानं त्याला तिथल्या तिथं लोळवला असता. बेळगावच्या खडेबाजारातून सांबऱ्याच्या नव्या विमानतळापर्यंत मारुतीरावांची सर्व्हिस मोटार तो हाकायचा. लढाईपायी पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भली थोरली टाकी बसवलेली. मागं ती टाकी धगधगतेय, समोरून मिलिटरीच्या लॉऱ्या अंगावर येतायत, आणि हा गडी एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं निवांत विडी ओढतोय. पण त्या उन्हाळ्यात शेजारच्या ओढेवाडीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागली आणि भरमूला जी भीती बसली, ती काही केल्या जाईना.

पटकीचं नाव आपल्याकडं कुणी तोंडानं घेत नाही. मरीआई आली म्हणायचं. ती आली की गावानं हातभर लांबीचा लाकडी गाडा करायचा, त्यात देवी बसवायची, कडुलिंबाचा टाळा, लिंबं, हिरव्या बांगड्या, दहीभात असं सगळं तिला द्यायचं आणि हलगीच्या नादावर पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचं. त्या गावानं तो गाडा थांबवायचा नाही, आपल्या वेशीतून नेऊन त्याच्या पुढच्या शिवेवर ढकलायचा. एकच गोष्ट करायची नाही. गाडा मागं फिरवायचा नाही. फिरला तर देवी दुप्पट भुकेनं परत येते.

मागच्या साथीला हा गाडा माळेवाडीच्या शिवेवर आला, तेव्हा गावकरी वाद घालत बसले. कुणी ओढायचा, मान कुणाचा, हलगी कुणाची. मानपान पुढं न् देवी मागं, तशातली गत. गाडा रात्रभर शिवेवरच राहिला. शिवेला लागून पहिलं घर भरमूचं. सकाळी त्याच्या थोरल्या पोराला उलट्या सुरू झाल्या आणि दिवस कलायच्या आत पोरगं गेलं. डॉक्टरला विचारलं असतं तर त्यानं पाण्याचं कारण सांगितलं असतं. पण भरमूनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, त्याला कोण काय सांगणार?

या खेपेला अडचण आणखीच मोठी. माळेवाडीच्या पुढं पूर्वी वस्ती होती, तिथं आता विमानतळाची काटेरी तार. गाडा घ्यायचा तर ढकलायचा कुठं? बंदूकवाल्या शिपायाच्या अंगावर? म्हणून माळेवाडीनं ठरवलं, गाडा आत येऊच द्यायचा नाही. भरमूचा थोरला भाऊ आण्णाप्पा चार गडी घेऊन काठ्यांसकट शिवेवर बसला. ओढेवाडीकडून येणारी बैलगाडी असो की डोईवरचं ओझं, उकलून बघितल्याशिवाय पुढं सोडायचं नाही. आणि भरमूनं काय केलं? ओढेवाडीचा मोटारीचा थांबाच बंद केला. हात करत कुणी धावत आलं तरी तो मोटार पळवायचा. त्यांच्याकडं बघायचासुद्धा नाही.

त्याची चांगुणा तेव्हा पाच वर्षांची. थोरला गेल्यावर झालेली, नवसाची म्हणा की जीव की प्राण म्हणा. दुपारच्या खेपेला भरमू वळणावर दोनदा भोंगा दाबायचा. तो ऐकला की ही पोरगी आईचा हात सोडवून शिवेवरच्या थांब्यावर येऊन उभी. मोटारीत चढायचं, चावडीपाशी थोरल्या काकीकडं उतरायचं. संध्याकाळी मोटार परत आली की चावडीपाशी चढायचं आणि शिवेवर आईच्या हवाली व्हायचं. एवढ्याशा प्रवासासाठी तिचा दिवस उगवायचा. त्याची बायको मालुबाई कुरकुरायची, "लई लाडावून ठेवलासा पोरीला." भरमू म्हणायचा, "माझी मोटार, माझी पोरगी."

त्या दिवशी ओढेवाडी मागं पडल्यावर पुढच्या फाट्यावर एक म्हातारी चढली. डोईवर टोपली, टोपलीवर खणाचं फडकं. तिकीट फाडणारा रवळू तिला म्हणाला, "टोपली टपावर ठेव, आज्जी." म्हातारीनं टोपली पोटाशी धरली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. विमानतळावर खडी फोडायला जाणाऱ्या बायका अशा टोपल्या घेऊन रोज यायच्या. भरमूनं आरशात एकदा बघितलं आणि सोडून दिलं.

शिवेवर आण्णाप्पानं नेहमीसारखी काठी उंचावून मोटारीला वाट दिली. बैलगाड्या तपासायच्या होत्या. मोटार कशाला तपासायची? घरचाच माणूस हाकणारा. चांगू चढली, पुढं जागा नव्हती म्हणून मागं म्हातारीजवळ जाऊन बसली. चावडीपाशी उतरली आणि काकीकडं पळाली. मोटार पुढं विमानतळाच्या फाटकाशी जाऊन थांबली. माणसं उतरली, पांगली. आकाशात एक विमान घरघरत फिरत होतं. रवळू टाकीत कोळसा घालायला मागं गेला, आणि भरमू बाकांखाली कुणाचं काय राहिलंय का बघायला आत शिरला.

मागच्या बाकाखाली टोपली होती. त्यानं फडकं उचललं.

लाकडी गाडा. त्यात शेंदूर फासलेली देवी. कडुलिंब सुकलेला, लिंबं पिवळी पडलेली, हिरव्या बांगड्या.

 भरमू बाकावर बसला आणि बसल्या बसल्या त्याला सगळं कळलं. ज्या गाड्यासाठी भाऊ काठ्या घेऊन शिवेवर बसला होता, तो गाडा यानं स्वतः भोंगा वाजवत गावातून आणला होता. आणि आता संध्याकाळी हीच मोटार माघारी फिरणार होती. मोटारीला दुसरं काय येतं? जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. गाडा मागं फिरणार, माळेवाडीच्या वेशीतून, चावडीपाशी उभ्या असलेल्या चांगूच्या पुढ्यातून.

तो टोपली घेऊन फाटकाकडं धावला. तिथला पहारेकरी मराठा पलटणीतला, निपाणीजवळच्या बोरगावचा. एरवी भरमूकडून विडी घेऊन गप्पा मारणारा गडी. टोपलीत काय आहे ते दिसताच तो दोन पावलं मागं सरला आणि त्यानं बंदूक खांद्यावरून काढली.

"हिकडं आणू नगंस ते."

"अण्णा, तारेपल्याड ठेवतो निस्तं. कुणाच्या वाटंला न्हाय."

"आत आमची दोनशे माणसं निजत्यात. माघारी फिर भरमू. मी गोळी घालीन, थट्टा न्हाय करत."

आणि त्यानं घातली असती. जपानला न भिणारा तो मिशाळ शिपाई टोपलीला भ्याला होता.

भरमू वळला, तर बाभळीच्या झाडाखाली तीच म्हातारी बसलेली. तळव्यावर तंबाखू मळत, मोकळ्या हातानं, परतीच्या मोटारीची वाट बघत. भरमूच्या हातातली टोपली दिसली तशी ती उठलीच.

"ते खाली का आणलंस, बाळा?" ती म्हणाली. "फुडं न्हाय का गेली तुझी मोटार?"

"फुडं कुठं जाणार? फुडं तार हाय, म्हातारे. हीच मोटार आता माघारी जाती."

म्हातारीच्या हातातली तंबाखू खाली पडली. "हीच? मला वाटलं ही आत इमानाकडं जाती आणि घरला न्यायला दुसरी येती. मी कधी बसले नव्हते रं मोटारीत."

भरमूचा राग जो उसळला, त्यात सगळी भीती होती. "कुठल्या गावची तू? ओढेवाडीची न्हवं? सगळ्या मोटारीत बाया-पोरं बसलीवती. तुला काय लाज, शरम?"

"अंबुबाई म्हणत्यात मला. ओढेवाडीचीच," ती म्हणाली. तिनं काही लपवलं नाही. "माझी दोन नातवंडं गेली. तिसरा काल सांजच्यापासनं पडलाय. तुमचं गाव गाडा घेईना, तर तो आमच्या दारातच बसलाय. मी म्हटलं, इमानतळाला गाव न्हाय, शीव न्हाय, तिथं कुणाचं लेकरू न्हाय. तिथं सोडावं. तूच सांग, आणि कुठं न्यायाचा हुता मी?"

 गाडा अडवणाऱ्यांत आपणही होतो, हे भरमूला ठाऊक होतं आणि ते बोलून दाखवायची त्याची छाती नव्हती. तो एवढंच म्हणाला, "माझ्या मोटारीत हे परत चढणार न्हाय. तूबी न्हाय."

 अंबुबाईनं टोपली त्याच्या हातातून घेतली आणि डोईवर ठेवली. "चुकलंच माझं. गाडा पायानं न्यायाचा असतोय," ती म्हणाली आणि विमानतळाच्या तारेकडेनं चालू लागली. तार संपते तिथून वळसा घालून पलीकडच्या माळावर जायचं म्हणजे तिच्या वयाला दिवस मावळणार होता. भरमूनं तिला थांब म्हटलं नाही. ती नजरेआड झाल्यावर त्यानं मागचा बाक पाण्यानं धुऊन काढला. रवळूनं काय झालं विचारलं, तर म्हणाला, कुणीतरी ओकलंय.

संध्याकाळी चावडीपाशी चांगू उभीच होती. भरमूनं तिला उचलून मांडीवर घेतलं आणि तिचे दोन्ही हात चाकावर ठेवले. छातीवरचा धोंडा उतरला होता, वाचलो रे देवा, असं त्याला झालं होतं. तो चक्क गुणगुणायला लागला.

मग त्याला तिच्या मनगटावर हिरवी बांगडी दिसली.

"ही कुणी दिली गं?"

"मगाच्या आज्जीनं. टोपलीत लई हुत्या. म्हणाली, शाणी हाईस, ही घाल."

शिवेवर त्यानं पोरगी मालुबाईच्या हातात दिली ती जळता निखारा द्यावा तशी. बायकोला काही बोलला नाही. आण्णाप्पा समोर काठी घेऊन उभा होता. सांगितलं असतं तर गावानं पोरीला घरात राहू दिलं असतं का? भरमूला आपलं गाव चांगलं माहीत होतं.

बेळगावात मोटार लावून तो सायकलीनं घरी आला तेव्हा चांगू जेवून झोपली होती. त्यानं कपाळाला हात लावून बघितला, पोट दाबून बघितलं. मालुबाई म्हणाली, "काय हुडकालासा? झोपू द्या की तिला." तो म्हणाला, काही नाही. ती चुलीकडं वळली तसा त्यानं हाताला साबण लावून बांगडी अलगद काढली आणि पटक्याच्या टोकाला गाठ मारून ठेवली. सबंध रात्र तो पोरीचा श्वास ऐकत पडला होता. ती कूस बदलायची तेव्हा हा उठून बसायचा. उजाडायच्या आत तो बाहेर पडला.

आता बांगडीचं करायचं काय? फोडून चालत नाही, ती देवीची. वाटेवर टाकावी तर कुणाचं तरी पोर उचलणारच. हिरवी बांगडी सोडून देणारं पोर अजून जन्मायचंय. विहिरीत टाकावी तर सगळं गाव तिचं पाणी पितं.

सकाळच्या खेपेला खडी फोडणारी मनुबाई तान्ह्या पोराला घेऊन चढली. मोटार भरलेली. तिनं आपलं गाठोडं भरमूच्या पायाशी सरकवलं. "अण्णा, एवढं बघा हं. पोराची दुपटी हाईत."

"असू दे," भरमू म्हणाला.

आणि त्याला वाट दिसली. पटक्याची गाठ सोडायची, हात खाली न्यायचा. बस. कुणाला कळणार नव्हतं. बांगडी त्याच्या गावातून, घरातून, पोरीच्या अंगावरून निघून मनुबाईबरोबर कुठं तिच्या वाडीला जाईल तिकडं जाईल. गाडा असाच तर पुढं जातो. आपण पुढं ढकलायचा, पुढच्यानं पुढं. रीतच आहे ती. त्यानं गाठ सोडली. एका हातानं चाक धरून दुसरा हात गाठोड्यात घातला, तर बोटांना कुंची लागली. दुधाचा आंबूस वास असलेली, लोकरीची, थोरल्याला होती तसलीच.

त्याचा हात तिथंच थांबला. तुला काय लाज, शरम, हा अंबुबाईला विचारलेला प्रश्न त्याचा त्यालाच आठवला. तिनं निदान जिथं लेकरू नाही अशी जागा हुडकली होती. आपण काय हुडकली?

त्यानं हात बाहेर काढला आणि बांगडी सुतळीनं चाकाच्या दांड्याला बांधून टाकली. राहू दे इथं. मोटारीला गाव नाही, शीव नाही. पण मग एक गोष्ट उघडच होती, ही मोटार आता त्याच्या दारात थांबवायची नाही. आणि तोही घरी जायचा नाही. भीती गेली नव्हती, उलट वाढलीच होती. पण ती कुणाच्या गाठोड्यात घालायची नव्हती.

विमानतळाच्या फाटकाशी माणसं उतरली. बाभळीखाली अंबुबाई बसली होती. पाय सुजून भोपळा झालेले, डोईवर टोपली नव्हती. भरमू खाली उतरला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"सोडलीस?"

"ओढ्यापल्याड. माणूसकाणूस न्हाय तिथं." ती उठायला गेली आणि पुन्हा बसली. "मला नेतोस का रं? तिसरा हाय का गेला तेवढं बघायचंय. तू न्हाय म्हणालास तर चालत जाते."

भरमूनं तिला धरून पुढच्या बाकावर बसवलं. सकाळी माघारी जाताना मोटार रिकामीच असायची. अंबुबाईला चाकावरची बांगडी दिसली. तिनं ती ओळखली आणि मग तिला पोरगी आठवली. ती म्हणाली, "तुझी व्हती व्हय ती? आशीर्वाद म्हणून घातली रं मी. माझ्या नातीएवढी दिसली."

"कळलं मला," भरमू म्हणाला. "गप बस आता, आज्जी."

ओढेवाडीचा थांबा आला आणि भरमूनं मोटार थांबवली. थांब्यावर कुणी नव्हतं. लोकांनी तिथं उभं राहायचंच सोडलं होतं. रवळू म्हणाला, "अरं, हितं कशाला?"  भरमूनं अंबुबाईला विचारलं, "घर कुठलं? पोरगं जित्तं असंल तर घिऊन ये. बेळगावच्या दवाखान्यात नेतो."

रवळूनं तिकिटाची पिशवी बाकावर ठेवली आणि खाली उतरला. "मला पोरंबाळं हाईत भरमू," एवढंच म्हणाला आणि रस्त्याकडेच्या आंब्याखाली जाऊन उभा राहिला. भरमूला त्याचा राग आला नाही. कालपर्यंत तोही त्याच झाडाखाली उभा होता म्हणायचा.

अंबुबाई आणि तिची सून पोराला घोंगड्यात गुंडाळून घेऊन आल्या. डोळे खोल गेलेले, ओठ चिकटलेले, पण छाती हलत होती. भरमूनं त्याला त्यांच्या हातातून घेऊन मोटारीत निजवलं. पोराचं अंग थंडगार आणि ओलं होतं.  चढावर मोटार दम टाकू लागली, तर खाली उतरून त्यानं स्वतःच टाकीचा पंखा फिरवला आणि देवीला मनातल्या मनात शिव्या घातल्या, मग माफी मागितली, मग पुन्हा शिव्या घातल्या. दवाखान्यात पोराला सुई टोचली, सलाईन लावलं. जगेल का, हे कुणी सांगितलं नाही. कंपाउंडरनं भरमूला साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावलं आणि बजावलं, "घरी लहान पोर असेल तर चार दिवस जवळ जाऊ नकोस."

"मी जाणारच न्हवतो," भरमू म्हणाला.

मोटार आतून धुऊन काढून तो दुपारच्या खेपेला एकटाच निघाला. तिकिटंही त्यानंच फाडली. सकाळी आंब्याखाली उतरलेल्या रवळूबरोबर त्यानं मालुबाईला निरोप धाडला होता, साथ ओसरेपर्यंत मी बेळगावातच राहणार, पोरीला थांब्यावर आणू नको. पण पोरगी ऐकणार कुणाचं?

वळण आलं. रोजच्या सवयीनं त्याचा हात भोंग्याकडं गेला. त्यानं तो मागं घेतला. भोंगा वाजला नाही तर ती येणार नाही, घरातच राहील, हे बरं. पण लगेच दुसरा विचार मनात आला. ती आली नाही, तर ती यायची नाही म्हणून आली नाही, का उठता येत नाही म्हणून? रात्रीपासून तिचं काय झालंय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. थोरलाही दुपारपर्यंतच तर बोलत होता. मोटार वळणावरून शिवेकडं निघाली आणि भरमू चाकावर वाकून समोर बघत राहिला. एवढा तो उभ्या आयुष्यात कधी भ्यायला नव्हता.

थांब्यावर चांगू उभी होती. भोंगा नसतानाही इंजिनाचा आवाज तिनं ओळखला होता. आईचा हात सोडवून पुढं आलेली, केसांना तेल लावलेलं, हात आडवा धरलेला. तिला काही झालं नव्हतं. ती आपल्या दोन पायांवर उभी होती.

भरमूचे डोळे भरून आले. त्याला समोरचं नीट दिसेना. मोटार जवळ आली तशी ती हसली आणि एक पाऊल पुढं आली. बाकावरची एक बाई म्हणाली, "अण्णा, तुमची लेक."

भरमूनं मोटार थांबवली नाही.

मागून तिची हाक ऐकू आली. "आप्पा, मी हाय की." मग तिच्या धावण्याचा आवाज, मग मालुबाईनं तिला धरलेलं त्याला आरशात दिसलं. आरशात ती लहान होत गेली, पण उभी होती. उद्या दुपारीही तिनं अशीच रागावून उभं राहावं, एवढंच तो मागत होता.